एक कोटी दहा लाख शब्द

जालन्यातल्या एखाद्या अभ्यासिकेत संध्याकाळी जाऊन बसा. ट्यूबलाइटखाली ओळीने खुर्च्या, प्रत्येकासमोर प्लायवूडचा आडोसा, कोपऱ्यात पाण्याचा जार. बँकेच्या परीक्षेची तयारी करणारा मुलगा मोबाइलवर वीस मिनिटांची वेळ लावतो आणि इंग्रजीचा सराव संच सोडवायला घेतो. आयबीपीएसच्या क्लार्क पूर्वपरीक्षेत वर्षानुवर्षे हाच हिशोब राहिला आहे : ३० प्रश्न, ३० गुण, २० मिनिटे. एका प्रश्नाला ४० सेकंद, आणि त्यातच उताराही वाचायचा.

उतारा साडेतीनशे शब्दांचा धरू. मुलगा मिनिटाला शंभर शब्द वाचत असेल, तर साडेतीन मिनिटे नुसत्या वाचण्यात गेली. १९० अभ्यासांमधल्या १८,५७३ वाचकांची आकडेवारी २०१९ मध्ये एकत्र केली गेली, तेव्हा इंग्रजीतला माहितीपर मजकूर मनात वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द निघाला. त्या वेगाने तोच उतारा दीड मिनिटात संपतो. मधली दोन मिनिटे म्हणजे तीन प्रश्न. जिथे पाव-अर्ध्या गुणाने यादीत नाव येते किंवा जाते, तिथे तीन प्रश्न!

ही मुले इंग्रजीला घाबरतात ती तिच्या आकाराला घाबरतात, असे मला वाटत आले आहे. “सर, शब्द संपतच नाहीत,” हे वाक्य शिकवणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेले असते. म्हणून आधी तो आकारच मोजू.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ ची. २० खंड, २१,७३० पाने, वजन ६२ किलोंहून जास्त. सिमेंटचे पोते याहून हलके. त्यातली शब्दरूपे ६ लाखांहून अधिक. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ होती. जिल्ह्यातल्या तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना शब्द वाटून दिले, तर एकेका शब्दरूपाच्या वाट्याला तीन-तीन माणसे येतील. कोशाचा एकूण मजकूर ५ कोटी ९० लाख शब्दांचा आहे. एकट्या माणसाने तो टंकायला घेतला तर १२० वर्षे लागतील आणि मुद्रिते तपासायला आणखी ६०, असा हिशोब त्या वेळी मांडला गेला होता. रोज दोन तास, मिनिटाला २३८ शब्दांच्या वेगाने नुसता वाचायचा म्हटला तरी साडेपाच वर्षे पुरत नाहीत.

आता याची दुसरी बाजू. एवढा कोश कुणाच्याच डोक्यात नसतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मोजले, तेव्हा वीस वर्षांच्या सरासरी अमेरिकी तरुणाला सुमारे ४२,००० शब्द येत होते आणि ते ११,१०० शब्दकुटुंबांतून आलेले होते. शब्दकुटुंब म्हणजे ‘रीड, रीडर, रीडिंग’ अशी एका मुळाची मंडळी. पुढे साठीपर्यंत त्याला दोन दिवसांत जेमतेम एक नवा शब्द मिळतो. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याची मजल सहा लाखांपैकी एवढीच.

आपल्या भाषेतही तसेच आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८३१ च्या आवृत्तीत सुमारे ४०,००० शब्द होते, १८५७ च्या आवृत्तीत सुमारे ६०,०००. तो कोश उघडा, पानापानावर अनोळखी शब्द भेटतील. तरी मराठी वर्तमानपत्र वाचताना आपण अडखळत नाही, कारण भाषा सगळे शब्द सारख्या प्रमाणात वापरत नाही. काही शब्द रोज राबतात आणि बाकीचे वर्षानुवर्षे माळ्यावर पडून असतात.

किती थोडे शब्द राबतात, हे अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात १९६० च्या दशकात मोजले गेले. छापील इंग्रजीतले दहा लाख शब्द जमवले, तर त्यातला निम्मा मजकूर फक्त १३५ शब्दांनी भरलेला निघाला. एकटा ‘द’ सुमारे सात टक्के. दुसऱ्या टोकाला, त्या दहा लाखांत आलेल्या वेगवेगळ्या शब्दांपैकी जवळपास निम्मे शब्द एकदाच भेटून गेले. महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे याच धर्तीवर भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा संग्रह कोल्हापुरात झाला. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली १९७८ सालच्या छापील मजकुरातून प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे ५०० नमुने निवडले गेले. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ त्याला ‘कोल्हापूर कॉर्पस’ याच नावाने ओळखतात. संगणक दुर्मीळ असण्याच्या काळात हे काम करणाऱ्यांची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही, याचे वाईट वाटते.

अशा मोजणीतून शब्दांच्या पायऱ्या तयार झाल्या. जास्तीत जास्त वेळा येणारी पहिली हजार शब्दकुटुंबे, मग दुसरी हजार, मग तिसरी. न्यूझीलंडमधले पॉल नेशन यांनी २००६ मध्ये या पायऱ्यांचा हिशोब मांडला. पहिल्या हजारात छापील मजकुराचा ७८ ते ८१ टक्के भाग येतो. दुसऱ्या हजाराने ८–९ टक्क्यांची भर पडते, तिसऱ्याने ३ ते ५ टक्क्यांची. चौथा आणि पाचवा हजार मिळून ३ टक्के. सहावा, सातवा, आठवा आणि नववा, चारही मिळून फक्त २ टक्के! विशेषनामे धरून ९८ टक्के मजकूर ओळखीचा व्हायला ८ ते ९ हजार शब्दकुटुंबे लागतात.

पहिल्या हजारात ८० टक्के, हे ऐकून हायसे वाटते. म्हणूनच ‘हजार शब्द पाठ करा, इंग्रजी वाचा’ अशा जाहिराती खपतात. त्या ८० टक्क्यांत नेमके काय हाती लागते, ते मराठीतच करून पाहू. पुढचे वाक्य वीस शब्दांचे आहे आणि त्यातले चार शब्द मी बनवलेले आहेत :

“काल सकाळी बाजार समितीत टिंबोळीची झिपण अचानक वाढली आणि गिंड पडले म्हणून अनेक शेतकऱ्यांनी आपला माल न चोळकता परत नेला.”

तुम्ही हे घडाघडा वाचले असेल. उच्चार अडला नाही, व्याकरण अडले नाही. कशाची तरी गडबड झाली आणि शेतकरी परत गेले, एवढे कळले. पण काय वाढले, काय पडले, माल का नेला? हेच तीन प्रश्न परीक्षेत उताऱ्याखाली असतात. आता त्याच वाक्यात एकच शब्द अनोळखी ठेवू :

“काल सकाळी बाजार समितीत मोसंबीची झिपण अचानक वाढली आणि भाव पडले म्हणून अनेक शेतकऱ्यांनी आपला माल न विकता परत नेला.”

‘झिपण’ म्हणजे आवक, हे जालन्याच्या माणसाला सांगावे लागत नाही. शेजारच्या शब्दांनी आणि मोसंबीच्या अनुभवाने ते सांगून टाकले. पहिल्या वाक्यात ८० टक्के शब्द ओळखीचे होते, दुसऱ्यात ९५ टक्के. साडेतीनशे शब्दांच्या उताऱ्यात ८० टक्क्यांवर ७० शब्द अंधारात राहतात, ९५ वर सतरा-अठरा, ९८ वर फक्त सात. याची रीतसर परीक्षाही झाली आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६६ विद्यार्थ्यांना ६७३ शब्दांची गोष्ट वाचायला दिली आणि गटागटाने तिच्यातले कमीअधिक शब्द अनोळखी करून टाकले. ८० टक्क्यांच्या गटात एकालाही गोष्ट पुरेशी समजली नाही.

वाचता येणे आणि कळणे यातली ही फट आपल्याकडे गावोगाव मोजली गेली आहे. ‘असर’ या सर्वेक्षणाचे स्वयंसेवक एका जिल्ह्यातली ३० गावे निवडतात, प्रत्येक गावातली २० घरे, म्हणजे जिल्ह्याला ६०० घरे. मुलाला शाळेत गाठत नाहीत. ओट्यावर, अंगणात, घरच्यांसमोर त्याच्या हातात कागद देतात. २०२२ मध्ये देशातले ६१६ जिल्हे, १९,०६० गावे, ३,७४,५४४ घरे आणि ६,९९,५९७ मुले यात आली. इंग्रजीची चाचणी अगदी साधी असते : मोठी अक्षरे, लहान अक्षरे, सोपे शब्द, सोपी वाक्ये. देशाच्या ग्रामीण भागात आठवीतल्या ४६.७ टक्के मुलांना ती सोपी वाक्ये वाचता आली, पाचवीतल्या २४.५ टक्के मुलांना. २०२३ मध्ये १४ ते १८ वयाच्या ३४,७४५ मुलामुलींना हेच विचारले. ५७.३ टक्क्यांनी वाक्ये वाचली आणि वाचणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना अर्थ सांगता आला. गुणाकार केला की शंभरातली बेचाळीस मुले उरतात. हे उताऱ्याबद्दल नाही, चार-पाच शब्दांच्या वाक्याबद्दल आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचे. आज बारावीला बसणाऱ्या मुलामागे इंग्रजीची बारा वर्षे असतात. जालन्यात तर आणखी एक थर आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. वरच्या शिक्षणाची आणि कचेरीची भाषा उर्दू होती. एकाच घरात आजोबा उर्दूत शिकलेले, वडील मराठीत आणि नात इंग्रजीत, असे इथे सहज सापडते. परक्या भाषेतून शिकण्याची या जिल्ह्याला सवय आहे. जालन्यातल्या शेलगावचे अन्सार शेख मराठी माध्यमातून शिकले आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१५ च्या परीक्षेत वयाच्या एकविसाव्या वर्षी ३६१ वे आले. त्या परीक्षेतही ३०० गुणांचा सक्तीचा इंग्रजीचा पेपर असतो. त्यात २५ टक्के मिळाले नाहीत, तर बाकीचे पेपर तपासलेच जात नाहीत.

आता थोडे चीनकडे पाहू, कारण इंग्रजी मोजण्याचा उद्योग तिथे अवाढव्य आहे. २०२४ च्या तिथल्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेला १ कोटी ३४ लाख मुलांनी नाव नोंदवले, म्हणजे जवळजवळ सात जालना जिल्हे एकाच वेळी पेपर लिहीत होते. साधारणपणे ७५० पैकी १५० गुण परकीय भाषेला, आणि बहुतेक मुले इंग्रजीच घेतात. महाविद्यालयीन इंग्रजीची राष्ट्रीय परीक्षा १९८७ पासून चालू आहे. नोकरदारांसाठी केंब्रिजने व्यापारी इंग्रजीची परीक्षा काढली, ती १९९३ मध्ये पहिल्यांदा चीनमध्येच घेतली गेली.

पण शब्दसंपत्ती मोजायची कशी? पॉल नेशन आणि डेव्हिड बेग्लार यांनी २००७ मध्ये शब्दसंपत्तीची एक चाचणी दिली. तिचे गणित शाळकरी मुलालाही करता येईल. पहिल्या चौदा हजार शब्दकुटुंबांतल्या प्रत्येक हजारातून दहा शब्द, एकूण १४० प्रश्न. जितके बरोबर त्याला शंभराने गुणा. ६२ बरोबर आले, तर सुमारे ६,२०० शब्दकुटुंबे तुमची. या चाचणीच्या चिनी आवृत्तीत विचारलेला शब्द इंग्रजी असतो आणि उत्तराचे चारही पर्याय चिनीत असतात. पर्यायच इंग्रजीत दिले, तर शब्द येतो की पर्याय वाचता येतो, हे कळत नाही. आपल्या शाळेतल्या चाचण्यांत नेमका हाच घोळ असतो.

चिनी माणूस आणि आपला माणूस यांच्या सुरुवातीत मात्र मोठा फरक आहे. चिनी भाषा परका शब्द सहसा उचलत नाही, त्याचा अर्थ आपल्या अक्षरांत लिहिते. संगणकाला ती ‘विजेचा मेंदू’ म्हणते, टेलिफोनला ‘विजेचे बोलणे’, सिनेमाला ‘विजेची सावली’. रेल्वेगाडीला तिच्यात ‘हुओ-छे’ आहे, म्हणजे अग्नीची गाडी. आपली आगगाडी तीच! १९०० साली निजामाच्या राज्यातून मनमाडपर्यंत रेल्वे झाली आणि जालना तिच्यावरचे स्टेशन झाले, तेव्हा मराठीनेही तो शब्द तसाच घडवला होता. पुढे आपण आगगाडी सोडून ट्रेनमध्ये बसलो. चिनी माणूस अजून आगगाडीतच आहे.

म्हणून ‘मला इंग्रजीतले ओ की ठो कळत नाही’ म्हणणाऱ्या जालनेकराची चाचणी घ्यायला हवी. रिरोलिंग मिलमधल्या कामगाराला फर्नेस, स्क्रॅप, बिलेट, रोल, क्रेन, लोड, शिफ्ट, ओव्हरटाइम आणि गेटपास माहीत आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या मागोमाग या भागात बीजोत्पादनाचे प्लॉट पसरले. तिथली शाळेत न गेलेली बाईसुद्धा हायब्रिड, मेल, फिमेल, क्रॉसिंग हे शब्द बिनचूक वापरते. दवाखान्यातले सोनोग्राफी, रिपोर्ट, शुगर, सलाइन यात धरले, बँकेतले, मोबाइलमधले, एसटी स्टँडवरचे धरले, की यादी शेकड्यांत जाते. यातले कितीतरी शब्द पहिल्या दोन-तीन हजारांतले आहेत.

पण हे शब्द कानाने आलेले आहेत, डोळ्याने नाहीत. ‘शेड्यूल’ हा शब्द ज्याच्या तोंडी रोज आहे, त्याला कागदावरची त्याची स्पेलिंग अनोळखी वाटते. शिवाय मराठीत आल्यावर शब्दाचा अर्थ सरकतो. आपले ‘गॅदरिंग’ म्हणजे शाळेचे स्नेहसंमेलन, इंग्रजीत नुसते जमणे. आपला साडीचा ‘फॉल’ उताऱ्यात आला की कशाची तरी पडझड किंवा घसरण असते. म्हणजे शब्द अर्धा येतो. उरलेला अर्धा वाचनानेच मिळतो. किती वाचनाने, याचाही आकडा आहे.

नेशन यांनी २०१४ मध्ये विचारले : प्रत्येक शब्द सुमारे बारा वेळा भेटला तर तो लक्षात राहील असे धरू, मग किती मजकूर वाचावा लागेल? दुसऱ्या हजारासाठी सुमारे २ लाख शब्दांचे वाचन, तिसऱ्यासाठी ३ लाख, चौथ्यासाठी ५ लाख, पाचव्यासाठी १० लाख, सहाव्यासाठी १५, सातव्यासाठी २०, आठव्यासाठी २५ आणि नवव्यासाठी ३० लाख. शब्द जितका विरळ, तितकी त्याच्यासाठी पायपीट जास्त. बेरीज एक कोटी दहा लाख.

आता शाळेचा हिशोब करू. पाठ्यपुस्तक शंभर पानांचे आणि पानावर दोनशे शब्द धरले, तर एका वर्षाचे वाचन २०,००० शब्द. पाचवी ते दहावी, सहा वर्षांचे १,२०,०००. लागतात त्याच्या नव्वदाव्या हिश्श्याच्या आसपास. मुलाने प्रत्येक धडा पाठ केला, मास्तरांनी जीव तोडून शिकवले, तरी हे अंतर कापले जात नाही. तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात, नवे येतच नाहीत. दहावीत ऐंशी गुण मिळवणारा मुलगा अभ्यासिकेत साडेतीनशे शब्दांच्या उताऱ्यापुढे गोठतो, त्याचे कारण इथे आहे. त्याच्या बुद्धीला बोल लावू नये. त्याला वाचायलाच मिळालेले नाही.

तोच आकडा उलट बाजूने पाहिला तर मला धीर येतो. मिनिटाला शंभर शब्द, म्हणजे आपल्या अडखळत्या वेगानेच, रोज एक तास वाचले तर एक कोटी दहा लाख शब्द पाच वर्षांत संपतात. पाचवीत सुरू केलेले मूल दहावीत पोहोचेपर्यंत काम झालेले असते. वेग वाढून दीडशे झाला, तर साडेतीन वर्षेही लागत नाहीत. पुस्तके किती? वीस हजार शब्दांची ५५०. आकडा ऐकून एखादा बाप हात टेकेल. पण वर्गात चाळीस मुले असतात. प्रत्येकाने चौदा पुस्तके आणली, तर ५६० होतात. सहा वर्षांत चौदा, म्हणजे एका मुलामागे वर्षाला दोन-तीन. आधी सोप्या गोष्टी, मग जाड पुस्तके, पायरी चुकवायची नाही. शंभरात पाचपेक्षा जास्त शब्द अडू लागले, तर ते पुस्तक बाजूला ठेवून सोपे घ्यायचे.

यातले काही नवीन नाही. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालमधल्या मुलांना इंग्रजी बोलण्याआधी वाचता आले पाहिजे, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले आणि मोजक्या शब्दांत लिहिलेली वाचनपुस्तके तयार केली. १९५३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेली सुमारे दोन हजार शब्दांची यादी पुढे जगभर वापरली गेली. आणि अक्षराची कदर आपल्याकडे जुनीच आहे. जालना जिल्हा तर घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा, समर्थ रामदासांच्या जन्मगावाचा. दासबोधाच्या २०० समासांतला एक अख्खा समास त्यांनी अक्षर कसे काढावे, समास कसा सोडावा, यावर खर्च केला.

म्हणून जिल्ह्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना एक विनंती. जूनमध्ये पहिल्या आठवड्यात प्रत्येक हजारातले दहा शब्द फळ्यावर लिहा, पर्याय मराठीत द्या आणि प्रत्येक मुलाचा आकडा वहीत टिपून ठेवा. पालकांकडून वर्षाला गोष्टींची तीन पुस्तके मागा आणि ती वर्गाच्या खिडकीत ठेवा, कपाटात कुलूपबंद नको. मार्चमध्ये तीच चाचणी पुन्हा घ्या. आणि प्रगतिपुस्तकात इंग्रजीपुढे टक्के लिहाल, तेव्हा त्याखाली एक ओळ आणखी लिहा : मूल कितव्या हजारावर अडले आहे.